डबल बेल

किनाऱ्याचा रस्ता सपाट असणार, असं समजून येणारे आमच्या मोहिमेत दरवर्षी चार-पाच जण असतात. चौदा वर्षांपूर्वी मीही तसंच समजून आले होते. शाळेत ‘महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभला आहे’ हे पाठ केलेलं, नकाशात ती रेघ पाहिलेली. त्या रेघेवरून सायकल चालवायची, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला माड, एवढीच कल्पना. प्रत्यक्षात कोकणात समुद्राच्या कडेकडेने जाणारा रस्ता फार थोडा आहे. सह्याद्रीतून उतरलेली नदी समुद्राला मिळण्याआधी खाडी होते आणि दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा असतो. खाडीवर उतरायचं, पाणी ओलांडायचं, समोरचा चढ चढून सड्यावर यायचं, तिथे सावलीला झाड नसलेल्या कातळावरून काही किलोमीटर जायचं आणि पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरायचं. पोटऱ्यांना हा भूगोल पहिल्याच दिवशी कळतो.

या सगळ्या वाटेतला माझा आवडता दिवस म्हणजे दापोली तालुक्यातलं मुरूड ते गणपतीपुळे. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आणि वाटेत दोन मोठ्या खाड्या. दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. हा दिवस मी अकरा वेळा केला आहे आणि गेली नऊ वर्षं सगळ्यात मागे राहून. मागच्या माणसाला आमच्यात स्वीप म्हणतात. त्याच्या मागे कोणी नसतं. पुढचा कितीही हळू जावो, त्याला ओलांडायचं नाही, एवढा एकच नियम.

मागच्या डिसेंबरात आम्ही एकोणीस जण होतो. त्यात एक नवे गृहस्थ होते, एकसष्ट वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवलेली, त्यातली बरीचशी याच भागात. मुलाने गिअरची सायकल घेऊन दिली होती. ती ते ताठ बसून, कोपरं बाहेर काढून चालवायचे, जणू हातात अजून मोठं स्टिअरिंग आहे. गटातली तिशीतली मुलं त्यांना काका म्हणत, म्हणून वयात फारसं अंतर नसूनही मीही काकाच म्हणू लागले. ते सगळ्या बायकांना ताई म्हणत. सगळ्यात मागचे दोघं आम्हीच असणार, हे आदल्या संध्याकाळीच दोघांनाही कळलं होतं.

मुरूडहून आम्ही उजाडायच्या आत निघतो, पुढे पांढरा दिवा, मागे लाल. डिसेंबरात त्या वेळी मतलई वाहत असते, जमिनीकडून समुद्राकडे, आणि बोटं गारठतात. दुपारी वारा फिरतो. मग समुद्रावरून वायव्येचा खारा वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याची पाठ ढकलतो. म्हणून आम्ही नेहमी वरून खाली जातो, उलट्या दिशेने कधीच नाही. निघण्याआधी नव्या लोकांना मी एक गोष्ट सांगते. मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. परीक्षेला बसण्यासाठी ते शाळकरी वयात इथून पायी साताऱ्याला गेले होते, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. ते तसेच परत आले. आपल्या हाताशी गिअर आहेत, सोबत टेम्पो आहे, संध्याकाळी पाठ टेकायला खोली आहे. चढावर जीव वर-खाली झाला की तो मुलगा आठवायचा.

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे. या पट्ट्यात चढ लहान पण खडे आहेत. पहिल्याच उतारावर काकांनी पुढच्या एका मुलाला हाक मारून थांबवलं. तो दोन्ही ब्रेक दाबून धरून उतरत होता आणि त्याच्या मागच्या चाकाची डिस्क हात लावू नये इतकी तापली होती. काका म्हणाले, ‘‘घाटात गाडी ज्या गिअरला चढते त्याच गिअरला उतरवायची असते. आम्हाला इंजिन धरून ठेवतं. तुझ्याकडे इंजिन नाही. मग दाब, सोड, दाब, सोड. ब्रेकला श्वास घेऊ दे.’’ हेच मी दर वर्षी सगळ्यांना सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. त्या मुलाने मात्र ऐकलं. सांगणाऱ्याच्या आवाजात अठ्ठावीस वर्षं होती.

दाभोळला पोचलो तेव्हा पुढचे लोक चहा पिऊन बसले होते. गाड्या वाहून नेणाऱ्या त्या सपाट बोटीला इकडे जंगलजेटी म्हणतात. तिची पुढची लोखंडी फळी साखळदंडांनी धक्क्यावर उतरते, आधी गाड्या, मग दुचाक्या, मग मासळीच्या टोपल्या, मग आम्ही. दाभोळ एके काळी केवढं मोठं बंदर होतं हे किनाऱ्याजवळची आदिलशाही काळातली मशीद पाहिली की कळतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी परतीच्या प्रवासाला इथूनच गलबतात बसला होता. आम्ही मात्र दहा-पंधरा मिनिटांत पलीकडच्या धोपाव्याला उतरतो.

धोपाव्याचा चढ जेटीच्या तोंडाशीच सुरू होतो. बोटीत बसून पाय आखडलेले, त्यात ऊन वर आलेलं. पुढचे सतरा जण दोन वळणांत दिसेनासे झाले. काका तिसऱ्या वळणाआधी उतरले आणि सायकल हाताने ढकलू लागले. मीही उतरले. सुरुवातीच्या वर्षांत अशा वेळी मी सायकलवरच राहायची, नागमोडी काढत, माणसाच्या मागे-पुढे घुटमळत. मग एकाने मला एकदा नीट सांगितलं, ‘‘तुम्ही वर बसून बघता ना, त्याने जास्त दम लागतो.’’ तेव्हापासून पुढचा उतरला की मी उतरते.

‘आता थोडंच राहिलंय’ हेही मी म्हणायचं सोडलं आहे. चढावर थकलेल्या माणसाला खोटा आधार लगेच कळतो आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर त्याचा विश्वास राहत नाही. जे आहे ते सांगायचं. मी म्हटलं, ‘‘काका, अजून तीन वळणं, त्यातलं मधलं वाईट आहे.’’ ते म्हणाले, ‘‘चार. एक झाडामागे आहे, ते तुम्ही धरत नाही.’’ खरंच चार होती.

चालता चालता त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही तर चांगल्या चालवता. मग मागे का?’’

हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे आणि बहुतेकांना मी ‘आवडतं’ एवढंच सांगते. त्यांना खरं सांगितलं.

नऊ वर्षांपूर्वी मी पुढच्यांमध्ये असायची. चढावर एखाद्या तरुण मुलाला मागे टाकलं की दिवसभर बरं वाटायचं, हे कबूल करते. त्या वर्षी आम्ही अठरा जण होतो आणि मोजणीचं काम माझ्याकडे होतं. तवसाळच्या उताराआधी आमच्यातल्या एका बाईंच्या मागच्या चाकाचे आरे तुटले. सायकल टेम्पोत चढवली. त्यांनाही बसा म्हटलं होतं, पण त्या म्हणाल्या, उतारच आहे, खाडीपर्यंत चालत येते. हे ज्याच्या कानावर घातलं तो आपल्या सायकलवरून निघाला आणि खाली आल्यावर विसरला. टेम्पोवाल्याला वाटलं त्या कोणाच्या तरी सोबत आहेत. आम्हाला वाटलं त्या टेम्पोत आहेत. जंगलजेटी लागलेली होती, एक चुकली की पाऊण-एक तास बसायचं, सूर्य कलला होता, सगळे घाईत. मी मोजलं. टेम्पोतली धरून अठरा सायकली. बोट सुटली.

मी सायकली मोजल्या होत्या. माणसं मोजली नव्हती.

जयगडला उतरून चहा सांगितला. अठरा सांगितले आणि एक कप उरला. त्या उरलेल्या कपाकडे आम्ही सगळे किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्यांचा फोन त्यांच्या पिशवीत आणि पिशवी टेम्पोत. खाडीपलीकडे तवसाळच्या धक्क्यावरचा एक दिवा तेवढा दिसत होता. पुढच्या फेरीने मी परत गेले. तिकिटाच्या खोपटाजवळ दगडावर त्या बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी गावातल्या एक आजी, डोक्यावरची लाकडाची मोळी खाली ठेवून. एकट्या बाईला अंधारात सोडून त्या घरी गेल्या नव्हत्या. मला बघून आजी म्हणाल्या, ‘‘तुमचंच माणूस ना हे?’’ आणि मोळी उचलून चालू लागल्या. परतीच्या बोटीत त्या बाई काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. मी दोनदा फोन केला. त्या नीट बोलल्या, चौकशी केली आणि येणार नाही म्हणाल्या. त्या वर्षापासून मी मागे आहे.

काकांनी सगळं ऐकलं. वळण संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘बेल कोणी दिली होती?’’

मला कळेना. ते थांबले, सायकल मांडीला टेकवली. ‘‘एसटीत एक बेल थांबायची, दोन सुटायच्या. ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? म्हातारी अजून पायरीवर आहे की उतरली, कोणाचं लुगडं दारात अडकलंय, काही नाही. कितीही उशीर होवो, कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय पाय क्लचवरून काढायचा नाही. गाडी मागच्याने सोडायची असते, ताई. पुढच्याने फक्त चालवायची असते. तुमची बोट सुटली तेव्हा डबल बेल कोणी दिली?’’

कोणीच दिली नव्हती. नऊ वर्षं मी माझ्या मोजण्यातली चूक शोधत होते आणि ते बरोबरच होतं, पण मोजून झाल्यावर ‘आता सोडा’ म्हणायचं काम आमच्यात कोणाचं होतं, हा विचार मला एकदाही सुचला नव्हता. पुढचे निघाले की सगळे निघत. घाई नेहमी पुढून मागे येत असे.

गुहागरला जेवलो. भात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. इथे दरवर्षी एक भांडण होतं ते वाळूचं. गुहागरचा किनारा इतका लांब आणि स्वच्छ आहे की सायकल लाटांत उभी करून फोटो काढायचा मोह कोणालाच आवरत नाही. पहिल्या वर्षी मीही काढला होता. दुसऱ्या दिवशी चेन करकरायला लागली आणि घरी येईपर्यंत चाकाच्या बेअरिंगमध्ये खारी वाळू गेलेली होती. आता मी सरळ नाही म्हणते. सायकल सुरूच्या बनात ठेवा आणि तुम्ही हवं तेवढं पाण्यात जा. खारी हवा तशीही साखळीला दोन दिवसांत तांबूस रंग आणते, त्यासाठी रोज संध्याकाळी फडक्याने पुसून तेलाचा थेंब सोडावा लागतो. दुसरी सूचना पाण्याची. कोकणात कुठल्याही घरासमोर थांबा, तांब्या मिळतो, पण नुसतं पाणी पीत राहणाऱ्याच्या पायांत तिसऱ्या प्रहरी गोळे आलेले मी फार पाहिले आहेत. बाटलीत चिमूट मीठ, साखर आणि कोकमाचं आगळ. त्याहून चांगलं काही मला अजून सापडलेलं नाही.

पालशेतच्या अलीकडे समोरून एसटी आली. आमच्याजवळ येऊन तिचा वेग कमी झाला, मग ती रस्त्यातच थांबली. चालकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ‘‘मामा! गाडी कुठाय?’’ काका एक पाय खाली टेकून म्हणाले, ‘‘ही काय.’’ दोघं दोन मिनिटं बोलले, कोणाची बदली, कोणाच्या मुलीचं लग्न. प्रवासी खिडक्यांतून कौतुकाने बघत होते. मग आतून दोन घंट्या वाजल्या आणि चालक एकदम गप्प होऊन समोर बघू लागला. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

वेळणेश्वर सोडल्यावर सड्यावर आमच्यातल्या एका मुलीचं पुढचं चाक बसलं. ट्यूब बदलून निघाली, अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा बसलं. याचा अर्थ टायरमध्ये काहीतरी शिल्लक आहे. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून सुटलेली केसासारखी बारीक तार असते ती. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागली तर रक्त काढते. त्यासाठी मी पिशवीत कापूस ठेवते. कापसाचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवायचा. जिथे तंतू अडकेल तिथे तार. मी केलं असतं तर पाच-सात मिनिटांत झालं असतं. तिने केलं, पंचवीस मिनिटं लागली. पूर्वी मी लोकांच्या हातातून पाना काढून घ्यायची आणि त्याला मदत म्हणायची. असं दोन-तीन वर्षं केल्यावर लक्षात आलं की ज्यांना मी मदत केली त्यातल्या कोणालाच पंक्चर काढता येत नाही. कापूस अडकला तेव्हा ती मुलगी ओरडलीच. तार नखाने उपटून तिने रुमालात बांधून ठेवली.

उशीर झालाच होता, त्यात हेदवीच्या अलीकडे काका म्हणाले, ‘‘ताई, पाच मिनिटं आत जायचंय.’’ रस्त्याच्या कडेला जांभ्याचा गडगा होता आणि त्याच्या एका कोनाड्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर दगड ठेवलेला. काकांनी सायकल टेकवली. या घरातली औषधं गावातल्या दुकानातून यायची आणि ती या डब्यात टाकायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. गाडी हळू करायची, कंडक्टर उतरून पुडी टाकायचा, बेल द्यायचा. घर गडग्याच्या मागे, आंब्यांच्या आड. त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. कोण आजारी होतं तेही ठाऊक नव्हतं. मधूनमधून डब्यात त्यांच्यासाठी चार आंबे किंवा फणसाच्या पोळीची वळी ठेवलेली असायची.

आम्ही पाखाडी उतरून गेलो. घराला कुलूप होतं. अंगण बरेच दिवस सारवलेलं नव्हतं, तुळशीवृंदावनात वाळलेली काडी. मुंबईला गेले असतील, किंवा आणखी काही. विचारायला जवळ दुसरं घर नव्हतं. काका ओटीच्या पायरीवर बसले नाहीत, उभ्यानेच आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले. वर आल्यावर त्यांनी डबा उघडला. आत एक सुकलेलं पान होतं. ते काढून टाकलं, झाकण लावलं आणि दगड होता तसा ठेवला.

अशा वेळी काही बोलू नये, हेही मला मागे राहूनच समजलं.

तवसाळचा उतार आला तेव्हा पाच वाजून गेले होते. या खाड्यांवर पूल होणार हे अनेक वर्षं ऐकते आहे. मी ज्या सावकाशीसाठी इथे येते ती त्या पुलाने जाईल, तरी तो व्हावा असंच मला वाटतं. बाळंतपणाची बाई घेऊन रात्री या धक्क्यावर अडकलेल्यांसाठी ही खाडी सहलीची नसते. वळणावरून खाली पाहिलं तर जंगलजेटी लागलेली होती आणि आमचे लोक धक्क्यावर उभे होते. मला वाटलं पुढचे चढून बसले असतील. कोणीही चढलं नव्हतं. आमच्या डोळ्यांदेखत बोट सुटली आणि ते सगळे तिच्याकडे पाठ करून आमच्याकडे बघत राहिले. मागून आलेल्या पंक्चरवाल्या मुलीने बहुधा त्यांना काही सांगितलं होतं. मी कधी विचारलं नाही.

तासाभराने बोट परत आली. सूर्य पाण्याला टेकला होता. टेम्पो चढला, सायकली चढल्या, माणसं चढली. मी शेवटी चढले आणि मोजायला लागले, तोंडं बघून, एकेकाचं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस. मी मान हलवली.

‘‘असं नाही,’’ काका म्हणाले.

माझ्या सायकलला घंटी नाही. चांगल्या सायकलींना हल्ली नसतेच. काकांच्या नव्या सायकलला मात्र त्यांनी घराजवळच्या दुकानातून स्टीलची वाटीसारखी घंटी बसवून घेतली होती. त्यांनी आपलं हँडल माझ्याकडे वळवलं. ‘‘द्या.’’

मी अंगठ्याने दोनदा वाजवली. साखळदंड खडखडले आणि फळी पाण्यावरून वर उचलली गेली.